शिकाऱ्याला मागे कधी घ्यायचं? ‘एलियन: आयसोलेशन’ या गेमने भीती कशी घडवली

रिडली स्कॉट यांच्या १९७९ सालच्या ‘एलियन’ चित्रपटात ते भयंकर जनावर पडद्यावर दिसतं ते सगळं मिळून जेमतेम चार मिनिटं. चित्रपट आहे जवळपास दोन तासांचा. बाकीचा वेळ आपण त्याची चाहूल घेण्यात घालवतो. अंधारा बोळ, वरून ठिबकणारं पाणी, हलणाऱ्या साखळ्या, आणि एखादी सावली, जी कदाचित नुसतीच सावली असेल. हे जमलं, कारण कॅमेरा दिग्दर्शकाच्या ताब्यात होता. जनावर कधी दाखवायचं, किती दाखवायचं आणि नेमकं कुठे झाकायचं, हे त्याने ठरवलं.

व्हिडिओ गेममध्ये मात्र कॅमेरा खेळाडूच्या ताब्यात असतो. तो हवं तिकडे मान वळवतो. एखाद्या टेबलाखाली बसून दहा मिनिटं जनावराकडे टक लावून बघत राहतो. मेला तर पुन्हा तिथूनच सुरू करतो आणि मघाशी काय झालं ते त्याला पाठ असतं. शिवाय गेम चालतो पंधरा-वीस तास. चार मिनिटांत पुरवून पुरवून वापरलेली भीती इतका वेळ कशी टिकवायची?

ब्रिटनमधल्या क्रिएटिव्ह असेंब्ली या स्टुडिओसमोर हाच प्रश्न होता. ‘टोटल वॉर’ मालिकेतल्या मोठमोठ्या लढायांच्या गेमसाठी ओळखला जाणारा हा स्टुडिओ, आणि त्यांनी ऑक्टोबर २०१४ मध्ये ‘एलियन: आयसोलेशन’ काढला. भयपट गेम कसे बनतात हे समजून घ्यायचं असेल तर मी कुणालाही आधी हाच गेम सुचवेन. याहून किळसवाणे, याहून रक्तबंबाळ गेम पुष्कळ आहेत. पण इथे जवळजवळ प्रत्येक निर्णय भीतीच्या हिशोबाने घेतलेला आहे, आणि तो हिशोब उलगडून बघता येतो.

कथा थोडक्यात अशी. साल २१३७. चित्रपटातल्या एलेन रिप्लीला बेपत्ता होऊन पंधरा वर्षं झाली आहेत. तिची मुलगी अमांडा, पेशाने इंजिनिअर, आईच्या जहाजाचा ब्लॅक बॉक्स सापडल्याचं कळल्यावर ‘सेव्हास्तोपोल’ नावाच्या अंतराळ स्थानकावर पोचते. स्थानक मोडकळीला आलेलं, दिवे अर्धे बंद, माणसं एकमेकांवर बंदुका रोखून बसलेली. आणि तिथे काहीतरी आहे.

एकच, आणि न मरणारं

‘एलियन’ मालिकेवर त्याआधीही बरेच गेम आले होते. त्यांतले बहुतेक १९८६ च्या दुसऱ्या चित्रपटाच्या वाटेने गेले: हातात मोठी बंदूक, समोर जनावरांच्या झुंडी, धडाधड गोळीबार. त्यात मजा आहे. भीती मात्र पहिल्या दहा मिनिटांत ओसरते. एखादा शत्रू सहा गोळ्यांत मरतो हे एकदा कळलं की खेळाडूच्या डोक्यात तो सहा गोळ्यांचा खर्च होऊन बसतो. मग तो कितीही विद्रूप असो, त्याच्याकडे बघताना मनात आकडेमोड चालते.

म्हणून या गेममध्ये (बऱ्याच मोठ्या भागात तरी) जनावर एकच आहे आणि ते कशानेच मरत नाही. रिव्हॉल्व्हर मिळतं, शॉटगन मिळते, स्थानकावरच्या भंगारातून पेट्रोल बाँब बनवता येतात. जनावरावर गोळी झाडली तर त्याला काही होत नाही, उलट आवाजाने ते नेमकं तुमच्यापाशी येतं. आग ओकणारा फ्लेमथ्रोअर आणि ते पेट्रोल बाँब तेवढे कामाचे. ज्वाळा अंगावर आल्या की जनावर माघार घेतं, पण इंधन मोजकं असतं आणि माघार थोड्याच वेळाची.

आणखी एक निर्णय सुरुवातीलाच झाला. आधी स्टुडिओने खेळाडूच्या पाठीमागून बघणारा कॅमेरा करून पाहिला होता. तो सोडून दिला, कारण तशा कॅमेऱ्यात कोपऱ्यापलीकडे काय आहे ते पात्राचं डोकंही बाहेर न काढता दिसतं. अमांडाच्याच डोळ्यांतून बघायचं ठरल्यावर कोपऱ्यापलीकडचं बघायचं तर स्वतः वाकून बघावं लागतं. पाठीमागे काय आहे ते कळायचं तर समोरची नजर काढावी लागते. एका साध्या बदलाने खेळाडूची अर्धी माहिती काढून घेतली.

गेम मंजूर होण्याआधीचा पहिला नमुना तर अगदीच साधा होता: एका माणसाने जनावर चालवायचं, दुसऱ्याने त्याच्यापासून लपायचं. माणूस चालवत असलेलं जनावर भीतीदायक वाटतं यात नवल नाही. त्याला फसवता येतं, त्याला कंटाळा येतो, त्याला मध्येच शंका येते आणि ते परत फिरतं. खरं काम पुढे होतं. तो माणूस काढून घ्यायचा आणि तरीही कुणीतरी विचार करून आपल्याला शोधतंय, ही जाणीव मागे ठेवायची.

दोन मेंदू

इथे दोन सोपे मार्ग होते आणि दोन्ही फसणारे होते.

पहिला मार्ग म्हणजे जनावराला खेळाडूची जागा कायम माहीत असू द्यायची. संगणकासाठी हे अगदी सोपं, कारण सगळ्यांच्या जागा त्याच्याच स्मृतीत असतात. पण मग लपण्याला अर्थ राहत नाही. तुम्ही श्वास रोखून कपाटात बसला आहात आणि ते सरळ येऊन कपाट उघडतं. दोनदा असं झालं की खेळाडूला गेम लबाडी करतोय हे कळतं. भीतीची जागा संताप घेतो, आणि चिडलेला माणूस घाबरत नाही.

दुसरा मार्ग उलटा. जनावराला काहीच माहीत नाही, ते आपलं नेमून दिलेल्या वाटेने फेऱ्या मारतंय. मग खेळाडू ती वाट पाठ करतो, किंवा स्थानकाच्या एका टोकाला जनावर आणि दुसऱ्या टोकाला खेळाडू असे दोघे तासभर एकमेकांना भेटतच नाहीत.

क्रिएटिव्ह असेंब्लीने काम दोघांत वाटलं. वर एक ‘डायरेक्टर’ बसवला. हा पडद्यावर कधी दिसत नाही. तो गेमच्या आत चालणारा एक प्रोग्रॅम आहे. त्याला सगळं माहीत असतं: खेळाडू कुठे आहे, जनावर कुठे आहे, दोघांत किती अंतर आहे. खाली जनावराचा स्वतःचा मेंदू. त्याला खेळाडूची जागा माहीत नसते. डायरेक्टर अधूनमधून त्याला फक्त ढोबळ भाग सुचवतो, नेमकी जागा कधीच सांगत नाही. लपाछपीत ज्याच्यावर राज्य आहे त्या पोराला ओट्यावर बसलेल्या आजीने हळूच ‘मागच्या अंगणात बघ जरा’ म्हणावं, तसं. मागच्या अंगणात आल्यावर विहिरीआड बघायचं, की गवताच्या गंजीमागे, की कंटाळून परत जायचं, हे त्या पोराचं त्यानेच ठरवायचं.

त्या भागात आल्यावर जनावर फक्त आपल्या इंद्रियांच्या जोरावर शोधतं. त्याला दृष्टी आहे, आणि तीही एकसारखी नाही: समोरचं स्पष्ट दिसतं, बाजूचं अंधुक. त्याला ऐकू येतं. धावण्याचा आवाज, बंदुकीचा बार, तुमच्या हातातल्या ट्रॅकरची, म्हणजे आसपासची हालचाल दाखवणाऱ्या यंत्राची, टिकटिक. दिसलं किंवा ऐकू आलं तर ते त्या दिशेने येतं. काही सापडलं नाही तर आसपासच्या जागा तपासतं, थबकतं, मान वळवतं, कधी कधी तुम्ही लपलेल्या लॉकरच्या फटीशी तोंड आणून उभं राहतं. तेव्हा अमांडाला मागे सरून श्वास रोखावा लागतो, आणि श्वास फार वेळ रोखला तर तिची तब्येत खालावू लागते.

ही वाटणी मला फार हुशारीची वाटते, कारण तिच्यामुळे दोन गोष्टी एकदम साधतात. जनावर कधी फार दूर जात नाही, त्यामुळे धास्ती सुटत नाही. आणि तरीही प्रत्येक वेळी पकडलं गेल्यावर खेळाडूला कारण सापडतं. मी धावले, मी दार उघडं ठेवलं, मी ट्रॅकर बंद केला नाही. चूक आपली होती असं वाटलं की माणूस पुन्हा प्रयत्न करतो, आणि पुन्हा करताना जास्त जपून, म्हणजे जास्त घाबरून, करतो.

दम खाऊ द्यायचा

आता मुख्य गोष्ट. भयपट गेम बनवणाऱ्या नवख्या माणसाचा कल सहसा भीती सतत वाढवत नेण्याकडे असतो. जनावर अजून जवळ, संगीत अजून कर्कश, रक्त अजून जास्त. पण शरीर कायम धोक्याच्या तयारीत राहू शकत नाही. हृदयाची धडधड काही मिनिटांनी स्थिरावते, कान आवाजाला सरावतात, आणि ज्या प्राण्याला बघून काळजाचा ठोका चुकला होता तो दहाव्या मिनिटाला नुसता अडथळा वाटू लागतो. तुम्ही टेबलाखाली आहात, ते टेबलाभोवती फिरतंय, पाच मिनिटं झाली, तुम्हाला आता चहा हवा आहे.

म्हणून डायरेक्टरकडे एक मापक दिलेला आहे. त्याला ‘मेनेस गेज’ म्हणतात. खेळाडूवर किती दडपण साचलंय त्याचा अंदाज. जनावर जवळ असेल तर मापक चढतो. ते नजरेसमोर असेल किंवा ट्रॅकरवर दिसत असेल तर चढतो. झटकन तुमच्यापर्यंत पोचू शकत असेल तरीही चढतो. ठरावीक मर्यादेला टेकला की डायरेक्टर जनावराला मागे बोलावतो. ते जवळच्या झडपेतून उडी मारून छतातल्या हवेच्या नळांमध्ये शिरतं. मापक हळूहळू उतरतो. तुम्ही टेबलाखालून बाहेर येता, दार गाठता, कामाला लागता. मग वर कुठेतरी पत्रा वाजतो.

जनावर गेलेलं नसतं, फक्त दिसत नसतं. आणि माघारीचं कारण खेळाडूला कधीच कळत नाही. त्याला वाटतं आपण नीट लपलो म्हणून वाचलो. ही समजूत गेमने जपून ठेवली आहे, आणि तिच्यामुळेच पुढच्या लपण्यात जीव येतो.

ही युक्ती तशी जुनी आहे. १९८० च्या ‘पॅक-मॅन’मध्ये चार भुतं खेळाडूच्या मागे लागतात, पण सलग नाही. पहिल्या लेव्हलला ती आधी सात सेकंद आपापल्या कोपऱ्याकडे पांगतात, मग वीस सेकंद पाठलाग करतात, मग पुन्हा पांगतात. गेमचे निर्माते तोरू इवातानी यांनी पाठलाग असा लाटांमध्ये बांधला, कारण अखंड पाठलागात खेळाडू मेटाकुटीला येतो. २००८ साली ‘लेफ्ट फोर डेड’ या झोंबी गेममध्येही वरून सूत्रं हलवणारा असाच एक डायरेक्टर होता. खेळाडूंवर ताण किती आहे ते बघून तो झोंबींच्या झुंडी सोडायचा आणि मध्ये उसंत द्यायचा. ‘आयसोलेशन’ने तीच कल्पना एका प्राण्याच्या स्वभावात मुरवली. लाट दिसते ती झुंडींची नसून एका शिकाऱ्याच्या येण्याजाण्याची असते, म्हणून ती यंत्राची वाटत नाही.

शिकल्यासारखं वाटणं

अनेक खेळाडू शपथेवर सांगतात की जनावर त्यांच्या सवयी शिकतं. लॉकरमध्ये फार लपलात तर ते लॉकर तपासायला लागतं, आवाज करणारी खेळणी टाकून त्याला फसवत राहिलात तर ते फसेनासं होतं. हे घडतं कसं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण आजकाल एआय म्हटलं की सगळ्यांना वेगळंच काही वाटतं.

जनावराचा मेंदू एका ‘बिहेव्हियर ट्री’वर चालतो. निर्णयांचं झाड म्हणा. वरपासून खाली प्रश्न विचारत जायचं: खेळाडू दिसतोय का? नाही. आवाज आला का? हो. जवळून की लांबून? आणि उत्तराप्रमाणे एका फांदीवर पोचायचं, तिथे जी कृती लिहिली असेल ती करायची. या झाडाला शंभराहून जास्त गाठी आहेत. त्यांतल्या काही फांद्या सुरुवातीला कुलूपबंद असतात. खेळ पुढे सरकेल आणि खेळाडू काही ठरावीक गोष्टी करेल तशी कुलपं उघडतात. फ्लेमथ्रोअरचं उदाहरण सगळ्यांत ठळक. पहिल्यांदा ज्वाळा बघून ते पळतं. पुढे पुढे ते थोडं अंतर राखून थांबतं, तुम्ही इंधन उधळता का ते बघतं, आणि मग अंगावर येतं.

यात खरं शिकणं काही नाही. सगळं आधीच कुणीतरी लिहून ठेवलेलं. पण वर्तन हळूहळू उलगडत गेल्यामुळे बाराव्या तासाचं जनावर दुसऱ्या तासाच्या जनावरापेक्षा शहाणं भासतं. स्वतःचा छोटा गेम बनवणाऱ्यांना माझं सांगणं आहे की शत्रूच्या सगळ्या करामती पहिल्याच भेटीत दाखवू नका. दोन-तीन मागे ठेवा. त्याला काहीही जास्तीचा खर्च येत नाही.

शरीराचंही असंच बारकाईने झालं. स्विस चित्रकार एच. आर. गीगर यांनी रेखाटलेलं रूप स्टुडिओने जवळपास जसंच्या तसं ठेवलं, अगदी डोक्यावरच्या धुरकट आवरणाखालच्या कवटीसकट. बदलले ते पाय. चित्रपटात सूट घालून माणूस उभा असल्यामुळे जनावराचे पाय माणसाचेच होते, आणि चार मिनिटांत ते कुणाच्या डोळ्यांत आलं नाही. गेममध्ये खेळाडू पलंगाखाली, टेबलाखाली लपून तासन् तास नेमके तेच पाय बघणार होता. माणसासारखी चाल दिसली असती तर सगळा डोलारा कोसळला असता. म्हणून मागे वळलेले, श्वापदाचे पाय दिले. शत्रू कसा दिसावा हे ठरवताना तो कुठून बघितला जाणार आहे ते आधी ठरवलं पाहिजे, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं मला माहीत नाही.

मदत करणारं आणि दगा देणारं यंत्र

अमांडाच्या हातात मोशन ट्रॅकर असतो. हलणारी वस्तू ठिपक्यासारखी दिसते आणि जवळ येईल तशी टिकटिक वाढते. हे यंत्र मूळ चित्रपटातूनच आलं, पण गेममध्ये त्याला जो स्वभाव दिलाय तो पाहण्यासारखा आहे.

ट्रॅकर फक्त हालचाल दाखवतो, त्यामुळे जनावर स्थिर उभं असेल तर ठिपका नाही. ते खालच्या बोळात आहे की डोक्यावरच्या नळात, ते ट्रॅकर सांगत नाही. ट्रॅकर वर धरला की नजर त्याच्या काचेवर स्थिरावते आणि समोरचा बोळ धूसर होतो. बोळ नीट बघायचा तर काच धूसर. आणि जनावर जवळ असताना ट्रॅकरची टिकटिक त्यालाही ऐकू येते. म्हणजे माहिती मिळते, पण दर वेळी तिची किंमत मोजावी लागते. १९९९ च्या ‘सायलेंट हिल’मध्ये राक्षस जवळ आला की नायकाच्या खिशातला रेडिओ खरखरतो, ती याच कुळातली कल्पना. खेळाडूला काहीच कळू दिलं नाही तर तो गोंधळतो, सगळं कळू दिलं तर निर्धास्त होतो. अर्धवट कळलं की उरलेली अर्धी बाजू तो स्वतः भरतो आणि ती नेहमी वाईटच भरतो.

सेव्ह करण्याची पद्धतही याच विचाराची. आपोआप सेव्ह होत नाही. भिंतीवरच्या फोनसारख्या यंत्रात कार्ड घालायचं आणि एकेक करत तीन दिवे लागेपर्यंत तिथेच, पाठ बोळाकडे करून, उभं राहायचं. काही सेकंदांचाच खेळ. त्या सेकंदांत मागून येऊन जनावर मारू शकतं आणि मग मागच्या सेव्हपासूनची सगळी मेहनत पाण्यात. खेळाडूंनी यावर खूप तक्रारी केल्या. मला त्या तक्रारी कळतात, दिवसभर काम करून रात्री तासभर खेळायला बसणाऱ्याचा अर्धा तास वाया जाणं सोपं नाही. तरीही मी या निर्णयाच्या बाजूने आहे. पात्र मेलं तर खेळणाऱ्याचं खरंच काहीतरी जायला हवं. तसं नसेल तर मरण हा नुसता एक छोटा व्हिडिओ उरतो.

एक्सबॉक्स वन आणि प्लेस्टेशन ४ वर तर आणखी एक सोय होती. माइक चालू ठेवला तर खेळाडूच्या खोलीतला आवाजही जनावराला ऐकू जाई. तुम्ही दचकून ओरडलात किंवा स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, तर स्थानकावर अमांडाची जागा उघडी पडायची.

जागा

वातावरणाचा विचार करताना लोक आधी अंधाराचा विचार करतात. सेव्हास्तोपोलवर अंधार आहे, पण भीती तिथल्या दिव्यांत जास्त आहे. दवाखान्याचे पांढरे बोळ लख्ख उजळलेले असतात आणि त्यांत लपायला जागा नसते.

‘एलियन’ काढणाऱ्या ट्वेन्टिएथ सेंच्युरी फॉक्स या चित्रपट कंपनीने स्टुडिओला मूळ चित्रपटाची तीन टेराबाइट सामग्री दिली होती: रेखाटनं, सेटची छायाचित्रं, वेशभूषेच्या नोंदी. त्यावरून त्यांनी एक शिस्त घालून घेतली, १९७९ मध्ये कुणाला सुचली नसती अशी वस्तू गेममध्ये येऊ द्यायची नाही. म्हणून २१३७ सालच्या स्थानकावर फुगीर काचेचे जाडजूड मॉनिटर आहेत, हिरवी अक्षरं आहेत, खटकन दाबायची बटणं आहेत. त्या मॉनिटरवरची चित्रं बनवताना त्यांनी ती व्हीएचएस आणि बीटामॅक्स टेपवर रेकॉर्ड केली, जुन्या पोर्टेबल टीव्हीवर लावली, ट्रॅकिंगची बटणं फिरवत चित्र बिघडवलं आणि ते पुन्हा चित्रित केलं. संगणकावर तयार केलेला बिघाड आणि खरा बिघाड यांतला फरक डोळ्याला सांगता येत नाही, पण जाणवतो.

याचा भीतीशी संबंध काय? ही यंत्रं भरवशाची नाहीत, हे बघताक्षणी कळतं. दार उघडायला कळ ओढावी लागते, ती जड असते, आवाज होतो, वेळ लागतो. गुळगुळीत टचस्क्रीनच्या जगात दार उघडणं ही क्षुल्लक गोष्ट. इथे प्रत्येक दार जीव मुठीत धरून उघडायचं असतं.

स्थानकावरचे रोबो हा या जागेचाच भाग मानायला हवा. स्वस्तातली बनावट, रबरी चेहरे, चमकणारे डोळे. ते कधी धावत नाहीत, शांत पावलं टाकत येतात आणि ग्राहक सेवा केंद्रातल्या मृदू आवाजात बोलत बोलत गळा आवळतात. जनावर वेगवान आणि मुकं, हे मंद आणि सौजन्यशील. दोघांची भीती वेगळ्या जातीची असल्यामुळे एकाचा सराव दुसऱ्याला उपयोगी पडत नाही.

पैसा आणि माणसं कमी असली तर काय करायचं, याचंही उत्तर याच क्षेत्रात सापडतं. ‘सायलेंट हिल’मधलं प्रसिद्ध धुकं पहिल्या प्लेस्टेशनच्या मर्यादेतून आलं, त्या यंत्राला लांबवरचं गाव रेखाटणं झेपत नव्हतं, म्हणून ते धुक्यात झाकलं, आणि त्या धुक्यानेच गेमला त्याची ओळख दिली. स्वीडनच्या फ्रिक्शनल गेम्स या छोट्या स्टुडिओने २०१० च्या ‘अ‍ॅम्नेशिया: द डार्क डिसेंट’मध्ये खेळाडूला एकही शस्त्र दिलं नाही. राक्षसाकडे बघत राहिलं तर पात्राचं भान सुटू लागतं, हा नियम करून त्यांनी खेळाडूलाच मान फिरवायला लावलं. राक्षस नीट बघितलाच गेला नाही, म्हणजे त्याचं कोरीवकाम उत्तम आहे की साधारण, हा प्रश्नच निकाली निघाला. आणि २०१४ च्या ‘पी.टी.’ या छोट्याशा गेममध्ये जवळपास सगळा खेळ काटकोनात वळणाऱ्या एका घरगुती बोळात घडतो. पाच वर्षांनी एका मॉडरने, म्हणजे गेमच्या फाइल्समध्ये आपले बदल करणाऱ्या हौशी माणसाने, कॅमेरा पात्रापासून वेगळा करून बघितलं तेव्हा कळलं की टॉर्च हाती आल्यापासून त्यातली भुताटकीची बाई बराच वेळ खेळाडूच्या अगदी पाठीला चिकटवलेली असते. लोकांना पाठीमागे कुणीतरी असल्याचं वाटत होतं ते उगीच नव्हतं. तिची सावली अधूनमधून भिंतीवर पडत होती.

जिथे वीण उसवते

‘आयसोलेशन’ सगळीकडे सारखा चांगला नाही. कथेच्या मध्यावर जनावराला स्थानकाबाहेर काढलं जातं आणि बराच वेळ फक्त रोबो उरतात. उसंत म्हणून हे चाललं असतं, पण ती फार लांबते. मापक एकदा पार खाली गेला की पुन्हा चढवायला वेळ लागतो. पुढे घरटं सापडतं आणि जनावरं अनेक आहेत असं कळतं. कथेसाठी ते ठीक असेल, पण भीतीचा त्यात तोटाच झाला असं मला वाटतं. ‘ते’ होतं तोवर त्याला स्वभाव होता, त्याच्याशी आपलं वैर होतं. ‘ती’ झाली आणि पुन्हा एक प्रजाती झाली. गेम लांबला ही समीक्षकांची तक्रार होती. मला वाटतं तासांपेक्षा हा एकाचे अनेक होण्याचा क्षण जास्त नडला.

तरी याच्या आदल्या वर्षी आलेल्या गेमशी तुलना केली की हे काम किती अवघड होतं ते कळतं. ‘एलियन्स: कलोनियल मरीन्स’ फेब्रुवारी २०१३ मध्ये आला तेव्हा त्यातली जनावरं सैरभैर धावत, भिंतींना अडत, खेळाडूसमोर येऊन नुसती उभी राहत. काही वर्षांनी एका मॉडरला गेमच्या एका साध्या मजकूर फाइलमध्ये ‘टेदर’ या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक जास्तीचं अक्षर सापडलं. जनावरांना जागेशी बांधून ठेवणारी, कुठून चालून जायचं हे ठरवणारी ती आज्ञा त्या एका अक्षरामुळे लागूच होत नव्हती. ते अक्षर खोडल्यावर जनावरं बाजूने घेरू लागली. गेम काही उत्तम झाला नाही, पण शत्रू निदान शत्रूसारखे वागू लागले.

‘आयसोलेशन’च्या जनावरालाही अदृश्य दोरी आहेच. डायरेक्टर त्याला तुमच्यापासून फार लांब जाऊ देत नाही, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी खेळणाऱ्याला ही दोरी जाणवायला लागते: कुठेही जा, थोड्या वेळाने पत्रा वाजणारच. पीसीवर खेळणाऱ्या काहींनी मॉड करून ती दोरी सैल केली. मग जनावर दूर भटकतं, कधी बराच वेळ येत नाही, तुम्ही सावकाश कामं उरकता, ट्रॅकर खिशात जातो, पावलं बिनधास्त पडू लागतात, आणि ते अशा जागी समोर येतं जिथे यायचं काही कारण नसतं. पहिल्यांदा खेळणाऱ्याने मूळ दोरीवरच खेळावं असं मी म्हणेन. स्टुडिओने चढ-उतार त्याच्यासाठीच मोजून बसवले आहेत. ज्याला तो हिशोब कळून चुकलाय त्याने मात्र दोरी सैल करून बघावी.